देशमाने फौजदारांना पिक्चर बाधला

पोलीस लाइनीत संसार केलेल्या बाईकडं किस्से कसे साठतात म्हणाल, तर ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीसारखे. सायकल येते, हंडा येतो, कुणाच्या तरी बैलाचं जू येतं. न्यायला कुणी येत नाही आणि टाकून द्यायला कायदा आडवा येतो. नातवंडं म्हणतात, "आज्जे, एकच सांग, पण चांगला सांग." एकच कसा सांगू? एक ओढला की मागचे सगळे खडखडत खाली येतात. म्हणून आज फक्त देशमाने फौजदारांचे सांगते. बाकीचे पडू देत तिथंच.

तर एक होतं ठाणं. ठाण्याला होता एक फौजदार, नाव देशमाने. फौजदाराला होती एक बायको, शालनबाई. तिला आम्ही लाइनीतल्या बायका बाईसाहेब म्हणायचो, आणि ती आमच्याच ओट्यावर बसून आमच्याबरोबर शेंगा फोडायची. ठाण्यात होते शिपाई, त्यातले ह्या गोष्टीतले दोन, एक बाबालाल आणि एक गणपत. गणपत म्हणजे आमचे मालक. आणि लाइनीच्या टोकाला होती एक न्हाणी.

न्हाणीचं आधीच सांगते, कारण माझा सगळा जीव तिच्यात अडकला होता. शिपायाला एकच खोली. अंघोळ बाहेर, बांबूंना गोणपाट बांधलेलं. वारा सुटला की एका हातात तांब्या आणि एका हातात गोणपाट. लाज झाकायची का अंग धुवायचं, एकच काहीतरी व्हायचं. हवालदाराचं घर टोकाला होतं, दोन खोल्यांचं. त्याला दगडी न्हाणी, आणि न्हाणीच्या दाराला आतून कडी. आमचे म्हातारे महादू हवालदार पेन्शनीत गेले, घर रिकामं झालं, कुलूप लागलं. आता सीनियर शिपाई म्हणजे आमचे मालकच. फौजदारांनी जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांकडं दोन शब्द टाकायचे, मालकांच्या बाहीवर हवालदाराची फीत लागायची, आणि मी कडी लावून अंघोळ करायची. लोक फितीकडं मान म्हणून बघतात. मी कडी म्हणून बघत होते.

गावाचं नाव सांगत नाही. म्हसवडच्या जत्रेला आमची माणसं बंदोबस्ताला जायची आणि मिरजेच्या गर्दीलाही जायची, एवढ्यावर भागवा. साठ सालाच्या पुढची गोष्ट, दारूबंदीच्या दिवसांतली.

*

त्या साली मिरजेच्या एका थेटरात मुंबईच्या पोलिसांचा पिक्चर लागला. तिकिटासाठी डोकी फुटायला लागली म्हणून आमच्या ठाण्याला बंदोबस्त लागला. बंदोबस्त थेटराच्या बाहेर करायचा असतो. देशमाने फौजदारांनी तो आत बसून केला, खुर्चीवर. पहिल्या खेळाचा केला, मग दुसऱ्याचाही केला, आणि दुसऱ्या दिवशी गर्दी नसताना परत जाऊन केला.

पिक्चरची गोष्ट मला बाबालालनं सांगितली. मुंबईत एक इन्स्पेक्टर असतो. त्याला झोप येत नाही. त्याची बायको त्याला सोडून गेलेली असते. तो एकटा बसून दारू पितो, आरशात स्वतःकडं बघतो आणि आरसा फोडतो.

मी म्हटलं, "झोप येत न्हाई? आमच्यांना तर ट्रेझरीच्या पहाऱ्यावर उभ्या उभ्या येते."

"वैनी, त्यो मुंबईचा हाय," बाबालाल म्हणाला. "त्याच्या मनाला तरास हाय."

"आणि आरसा सरकारी हुता का घरचा?"

बाबालालनं विचार केला. "ते दावलं न्हाई."

फौजदार मिरजेहून परतले ते अंगात ताप भरल्यासारखे. माणूस चांगला होता हो. भरल्या अंगाचा, दुपारी जेवून घोरणारा, कुणाला ओरडायचं झालं तरी आधी "जेवलास का?" विचारणारा. त्याला दुःख म्हणून काही नव्हतं. मिरजेहून आल्यावर तेच त्याचं दुःख झालं.

*

सुरुवात आरशापासून झाली, कारण ते सगळ्यांत सोपं वाटलं असणार.

ठाण्यात आरसा एकच, बाबालालचा, दाढीचा, पत्र्याच्या चौकटीचा. एवढासा. त्यात एका वेळी एकच गाल दिसायचा. फौजदार त्याच्यासमोर उभे राहिले, आधी डाव्या गालाकडं दुःखानं बघितलं, मग उजव्या. मग मूठ आवळून दिली ठेवून.

मुंबईच्या भिंती सिमेंटच्या असतात. आमच्या ठाण्याची मागची भिंत मातीची. आरसा खिळ्यावरून उडाला आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर अलगद जाऊन पडला, टवकासुद्धा उडाला नाही. मूठ मात्र मनगटापर्यंत भिंतीत गेली. बाहेर काढली तर हाताबरोबर उंदरानं साठवलेले जोंधळे बाहेर आले.

बाबालाल धावत आला. त्यानं आधी आरसा उचलून पुसला, मग साहेबांच्या हाताकडं बघितलं. म्हणाला, "साहेब, उंदीर मारायचा हुता तर मला सांगायचं."

*

मग बायको सोडून जायला पाहिजे होती. आता शालनबाई कुठं जाणार?

फौजदार दिवेलागण झाली तरी घरी जाईनात. काम नसलं तरी ठाण्यात बसून राहायचे. शालनबाईनं डबा पाठवला. त्यांनी न उघडता परत पाठवला. मग शालनबाई स्वतः डबा घेऊन आली, टेबलावर ताट मांडलं आणि समोर उभी राहून वाढलं. मालक सांगत होते, फौजदार भाकरीवर भाकरी खाऊन फार दुःखी बसले होते.

शेवटी एका सकाळी ते सरळ ओट्यावर आले. आम्ही सगळ्या जोंधळे पाखडत बसलेलो. आमच्यादेखत त्यांनी विचारलं, "शालन, तू मला सोडून का जात नाहीस?"

शालनबाईनं सुपातून मान वर केली नाही. "आता यस्टीला लय गर्दी हाय. सुगी झाली की जाते."

"माझ्या मनात काय चाललंय ते तुला कधी कळलं नाही."

"कळतंय की. भरली वांगी केल्यात."

फौजदार आत गेले. आतून झाकण उघडल्याचा आवाज आला.

*

दारूची अडचण मोठी होती. एक तर दारूबंदी. दुसरं, देशमान्यांच्या घराण्यात कुणी थेंब चाखलेला नव्हता. हे फौजदार तर चहासुद्धा बशीत निववून प्यायचे. पण मनाला त्रास असलेल्या पोलिसाच्या टेबलावर बाटली पाहिजे म्हणजे पाहिजे.

शालनबाईनं पोटासाठी ओवा, सुंठ आणि बाळहिरड्याचा काढा करून ठेवला होता. तो फौजदारांनी एका चपट्या बाटलीत भरून ठाण्यात नेला. खिडकी लावली. एक घोट घ्यायचा, तोंड वाकडं करायचं आणि भिंतीकडं बघायचं. काढा कडू होता, त्यामुळं तेवढं तोंड तरी खरं होतं.

पण बाळहिरडा कुणाच्या दुःखाला भीत नाही. थोड्याच वेळात फौजदारांना टमरेल घेऊन माळाकडं पळावं लागलं. तेवढ्यात बाबालाल खोलीत आला. बघतो तर टेबलावर बिनलेबलाची बाटली, आत तांबडं पाणी, शेजारी ग्लास. अशा वेळी पोलिसानं काय करायचं ते बाबालालला ट्रेनिंगला शिकवलेलं होतं. त्यानं समोरच्या हॉटेलातून दोन पंच उठवून आणले, त्यांच्यादेखत बाटली दोऱ्यानं बांधली, वर लाख ओतली आणि ठाण्याचा शिक्का उठवला.

फौजदार परत आले. बाबालालनं कडक सॅल्यूट ठोकला. "साहेब, कुणीतरी ठाण्यात घुसून दारू ठिवून गेलंय. माल जप्त केलाय."

आता फौजदारांनी म्हणायचं काय? माझी आहे म्हणावं तर गुन्हा. काढा आहे म्हणावं तर इतक्या कष्टानं जमवलेलं दुःख गेलं. ते म्हणाले, "शाबास."

बाटली तपासायला पुण्याला गेली. बऱ्याच दिवसांनी तिकडून निरोप आला, ह्यात दारू नाही, ओवा आहे. शालनबाईनं मला हळूच विचारलं, "गं, ती बाटली परत देतात का? बूच चांगलं हुतं तिचं."

*

नामा हा आमच्या ठाण्याचा नेहमीचा कोंबडीचोर. चोरायचा, सापडायचा, ठाण्यात येऊन ओसरीवर बसायचा. त्या दिवशीही सकाळी आला, मालकांबरोबर चहा प्याला आणि चहा पिता पिताच सांगून मोकळा झाला की पाटलाची कोंबडी मीच नेली.

फौजदारांना हे दुपारपर्यंत कुणी सांगितलं नाही. त्यांनी भर दुपारी खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या. गॅसबत्ती पेटवली, दोरीनं आढ्याला टांगली आणि तिला झोका दिला. खाली नामा. बाहेर उन्हाळा. मालक आणि बाबालाल दारात.

"सांग," फौजदार म्हणाले. "कोंबडी कुठं आहे?"

"खाल्ली की."

फौजदारांचा चेहरा उतरला. "असं लगेच सांगायचं नाही. आधी नाही म्हणायचं."

"बरं. न्हाई खाल्ली."

"खोटं बोलतोस."

"व्हय. खाल्ली." नामा बत्तीकडं बघून बघून घेरी आल्यासारखा झाला होता. "साहेब, सकाळीच गणपतरावांस्नी समदं सांगितलंया. त्यांस्नी इचारा आन् ही बत्ती तेवढी थांबवा. मला वकायला हुतंय."

फौजदारही घामानं निथळत होते. शेवटी नामानंच उठून बत्ती हातानं धरून थांबवली, आणि धोतराच्या सोग्यानं साहेबांना वारा घातला. जाताना मालकांना बाजूला घेऊन म्हणाला, "गणपतराव, साहेबांस्नी कुणालातरी दावा. लय चांगला माणूस हुता."

आम्ही पोट धरून हसलो. पण फौजदारांच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. चोर आपल्याला सांगत नाही, आणि गणपतला चहा पिता पिता सांगतो. का?

*

त्या पिक्चरमध्ये इन्स्पेक्टरच्या चौकीत एक फितूर असतो म्हणे. गुंडांना आतली बातमी पुरवणारा. आणि तो कोण निघतो? सगळ्यांत गरीब, सगळ्यांत गप्प, ज्याच्यावर कुणी संशय घेणार नाही असा.

आता गरीब आणि गप्प म्हटल्यावर आमच्या ठाण्यात दुसरं होतं कोण? आमचे मालक इतके गप्प, की लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांच्या वाटणीचाही मीच घेतला.

एक दिवस बाबालाल आमच्या दारात येऊन पाटावर बसला. म्हणाला, "वैनी, च्या टाका. आजपास्नं मी गणपतच्या पाळतीवर हाय."

"म्हंजे काय करणार?"

"मागं मागं जायाचं. कुणाला भेटतो, काय बोलतो, समदं साहेबांस्नी सांगायचं. पर ह्येला कळू द्यायचं न्हाई."

मालक तिथंच भिंतीला टेकून पट्ट्याचं पितळ घासत बसले होते. म्हणाले, "मग मी जरा हळू चालू का?"

"चाल गड्या. माझा गुडघा दुखतोय."

दुसऱ्या दिवशी ऊन फार होतं आणि बाबालालच्या सायकलीत हवा नव्हती. म्हणून मालकांनी पाळतीवरच्या माणसाला आपल्या सायकलीवर मागं बसवलं. बाजारातून दोघं असे चालले होते. संध्याकाळी बाबालालनं फौजदारांना सांगितलं, "साहेब, बाजारात गेला. तंबाखू घेतली. मला दिली."

"तुला का दिली?" फौजदारांनी डोळे बारीक केले.

"मी मागितली."

हे ऐकून तुम्ही हसाल. मी हसत नव्हते. कारण फौजदारांनी टोकाच्या घराची किल्ली ठाण्यातून काढून आपल्या खिशातल्या जुडग्यात अडकवली, आणि सांगितलं, तपास पुरा होईपर्यंत गणपतच्या फितीचं नाव काढायचं नाही. वर असंही कानावर आलं, की दुसऱ्या ठाण्याच्या कुणाला तरी फीत लावून इथं आणायचं चाललंय. आणि फितूर म्हणून नाव गेलं असतं तर न्हाणी राहिली बाजूला, आमची ती एक खोलीही गेली असती. पोरांना घेऊन कुठं जायचं, गावाकडं जाऊन तोंड काय दाखवायचं, ह्या विचारानं माझी भाकरी करपायला लागली.

मी शालनबाईकडं गेले. म्हटलं, "आवं बाईसाहेब, साहेब कवा बरं व्हायचं?"

ती म्हणाली, "पिक्चर मिरजेतनं उतरला म्हणत्यात. पर ह्यांच्या अंगातनं कवा उतरतोय, देवाला ठावं. मी तर वांगी घालून घालून दमले."

*

मग जिल्ह्याचे मोठे साहेब तपासणीला आले.

मैदानात सगळे ओळीनं उभे. आम्ही बायका दाराआडून बघत होतो. टेबलावर साहेबांसाठी शहाळं फोडून ठेवलेलं. देशमाने फौजदारांनी दाढी वाढवलेली, डोळे ओढलेले. मोठ्या साहेबांनी विचारलं, "देशमाने, आजारी आहात?"

"मनानं, साहेब."

मोठ्या साहेबांनी शहाळं उचललं. ते कमी बोलणारे होते. पण फौजदार दोन पावलं पुढं आले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "साहेब, ह्या ठाण्यात एक फितूर आहे. तो पकडेपर्यंत ही टोपी आणि हा पट्टा वापरायचा मला अधिकार नाही."

असं म्हणून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, कमरेचा पट्टा सोडला, आणि दोन्ही टेबलावर ठेवलं.

आता बोट आमच्या मालकांकडं जाणार, हे मला दिसत होतं. मालक नाकासमोर बघत उभे होते, बाबालालच्या शेजारी.

बाबालालनं मला नंतर सांगितलं की पिक्चरमध्येही हे असंच आहे. तिथला कमिशनर डोळे पुसतो, टोपी उचलतो आणि स्वतःच्या हातानं इन्स्पेक्टरच्या डोक्यावर घालतो. आमच्या साहेबांनी शहाळं संपवलं, खाली ठेवलं आणि म्हणाले, "ठीक आहे. जमा करून घ्या."

फौजदार वाट बघत उभे राहिले. पिक्चरमध्ये इथं बाजा वाजतो म्हणे. आमच्याकडं कुणाचं तरी रेडकू ओरडलं.

"फौजदार नाही म्हटल्यावर ठाणं कुणाच्या ताब्यात?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

नियमानं हवालदाराच्या. आणि हवालदार तर नव्हताच.

"सीनियर कोण?"

सगळ्यांनी मालकांकडं बघितलं. साहेबांनी त्यांच्या बाहीकडं बघितलं. "ह्याला अजून फीत का नाही?"

फौजदार टेबलावरच्या टोपीकडं बघायला लागले. तेव्हा बाबालाल पुढं झाला, टाचा जुळवल्या. "साहेब, ह्योच त्यो फितूर. मी हाय ह्येच्या पाळतीवर."

"काय सापडलं?"

"तंबाखू, साहेब."

मोठ्या साहेबांनी रुमाल काढला आणि बराच वेळ तोंड पुसलं. हसले की काय ते दिसलं नाही, रुमाल मोठा होता. मग म्हणाले, "शिपायाच्या ताब्यात ठाणं देता येत नाही. आजपासून हा हवालदार. कागद मागून येईल. फीत आत्ता लावा." आणि फौजदारांकडं वळून म्हणाले, "देशमाने, रजेवर जा. झोपा."

लाइनीत शिवणाचं मशीन एकच, शालनबाईचं. ठाण्यातल्या पेटीतून फीत आली, मालकांचा सदरा उतरवला, आणि फौजदारांच्या ओसरीवर, फौजदारांच्या बायकोनं, फौजदारांच्या देखत ती फीत बाहीवर शिवली. दोरा तोंडानं तोडून मला म्हणाली, "धुताना गरम पाणी नको घालूस, रंग जाईल."

मोठ्या साहेबांची जीप गेली. मालकांनी टोपी जमा केली, पट्टा जमा केला, किल्ल्यांचं जुडगं जमा केलं. त्यातली एक किल्ली सोडवली आणि माझ्या हातात दिली.

सामान हलवायचं मागून बघू म्हटलं. मी आधी टोकाच्या घराच्या न्हाणीत बंब पेटवला. पाणी कढत केलं, आत गेले, दार लोटलं आणि कडी लावली. तिचा आवाज अजून कानात आहे. अंगावर पहिला तांब्या घेतला तेवढ्यात बाहेर फौजदारांचा आवाज आला. फार बारीक आवाज होता.

"गणपत, झालं ते झालं. पट्टा तेवढा दे. रजेवर जातो, पण बिनपट्ट्याची पँट कमरेवर राहत नाही."

मालकांनी जुडगं खुळखुळवलं. मग म्हणाले, "देतो की साहेब. पण आधी शिट्टी द्या. ती जमा करायची राहिलीया."

मी कडी नीट बसली आहे का ते चाचपून बघितलं, आणि दुसरा तांब्या डोक्यावरून ओतला.